मध्यरेषेवरचा नवरदेव

रस्ते खात्यातल्या त्या इंजिनिअरला ऑफिसात सगळे 'फूटपट्टी' म्हणायचे, आणि त्याला ते मनापासून आवडायचं. वाकडं काही दिसलं की त्याचा जीव खालीवर व्हायचा. कुणाच्या घरी पाहुणा म्हणून गेला तरी भिंतीवरचा फोटो सरळ केल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही. त्यामुळे महामार्गावरचं आंधळं वळण काढून तिथला रस्ता सरळ करायचं काम आपल्याकडे आलंय हे कळलं, तेव्हा स्वारी शीळ घालतच घरी गेली.

वळण खरोखरच वाईट होतं. समोरून सायकल येतेय की ट्रक, हे तो अंगावर आल्यावरच कळायचं. फूटपट्टीने नकाशावर वळणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली, दोरी ताणल्यासारखी. ही नव्या रस्त्याची मध्यरेषा. रेघ सुरेख होती, फक्त ती रानातून जात होती. कुणी न लावलेलं, आपलं आपण वाढलेलं जुनं रान. आजूबाजूची सगळी जमीन नांगराखाली गेली तरी कसंबसं तग धरून राहिलेलं. ते तोडण्याआधी तोडल्याने काय काय जाईल याची पाहणी करणं नियमाने बंधनकारक होतं. पाहणीसाठी बाहेरून एक वनस्पतीतज्ज्ञ बाई नेमल्या गेल्या आणि त्यांचं नाव वाचून फूटपट्टीने कपाळावर हात मारला. बाई त्याच्या बायकोची थोरली बहीण होत्या. म्हणजे नात्याने अक्कडसासू.

तो तसाच मोठ्या साहेबांकडे गेला. "साहेब, या माझ्या नात्यातल्या आहेत. बरं दिसणार नाही."

"तुमचं पटतं का एकमेकांशी?" साहेबांनी विचारलं.

"अजिबात नाही."

"मग झालं तर! संगनमत केलं असं कुणाच्या बापाला म्हणता येणार नाही. करा सुरू."

ताई आल्या त्या बूट, दुर्बीण आणि मोठ्या आवाजासकट. मुक्काम अर्थातच बहिणीच्या घरी. पहिल्याच जेवणात त्यांनी नकाशा ताटाशेजारी पसरला आणि फूटपट्टीच्या लाडक्या रेघेवर काकडीची फोड ठेवली.

"भावजी, ही रेघ तुम्ही मारलीत?"

"हो."

"डोळे मिटून?"

"ताई, झाडं गेली तर आम्ही दुसरीकडे लावून देणार आहोत. जेवढी तोडू त्याच्या दुप्पट. तशी तरतूदच आहे."

"वा! म्हणजे तुमचं घर पाडून मी तुम्हाला दोन तंबू दिले की फिट्टंफाट. जुन्या झाडांना ढोल्या असतात भावजी, ढोलीत कुणीतरी राहत असतं. तुमच्या रोपाला ढोली यायला तुमच्या नातवाला पणतू व्हावा लागेल. आधी रान टाळता येतं का ते बघायचं. नाहीच टाळता आलं तर कमीत कमी तोडायचं. लावालावी सगळ्यात शेवटी."

"जेवणाच्या टेबलावर रस्ता नको आणि रानही नको," बायको म्हणाली आणि नकाशा उचलून फ्रिजवर ठेवून आली. त्या घरात शेवटचा शब्द तिचा असे.

दुसऱ्या दिवसापासून रानात खुणा करायचं काम सुरू झालं. जी झाडं तोडावीच लागतील त्यांना फूटपट्टीची माणसं लाल फीत बांधायची, आणि जी काही झालं तरी वाचवायला हवीत त्यांना ताई निळी. फूटपट्टी डोक्यावर खात्याचं निळं हेल्मेट चढवून मागे मागे फिरायचा आणि प्रत्येक निळ्या फितीसरशी उसासा टाकायचा. ताई अगदी फुटकळ झुडपालासुद्धा निळी फीत बांधत होत्या.

"हे तर नुसतं काटेरी झुडूप आहे!"

"तुम्हालाही कुणीतरी नुसता इंजिनिअर म्हणत असेलच की," ताई म्हणाल्या आणि गाठ आणखी घट्ट केली.

आणि मग फिती नाहीशा व्हायला लागल्या. लाल फिती जिथल्या तिथे. निळ्या तेवढ्या गायब. आज बांधाव्यात, उद्या सकाळी झाड उघडं. ताईंनी पुन्हा बांधल्या, पुन्हा गेल्या. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा त्या नाश्त्याला आल्या त्याच तोफ डागत.

"भावजी, माझ्या फिती परत करा."

फूटपट्टीच्या हातातलं अंडं टेबलावर पडलं. "मी? मी चोर?"

"वारा असता तर लालही गेल्या असत्या. फायदा कुणाचा होतोय ते बघायचं, झालं."

"अगं, तू तरी सांग हिला... ह्यांना!" रागाच्या भरात त्याची मानमर्यादा घसरली आणि लगेच सावरली.

बायको शांतपणे पावाला लोणी लावत होती. "मी कुणालाच काही सांगणार नाही. ताईला तुमच्यावर भरवसा नाही, तुम्हाला तिच्यावर नाही, आणि मला तुम्हा दोघांवर नाही. उद्या आपण तिघं जाऊ आणि लपून बसू. मधे मी बसेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं एका झुडपाआड बसले. बायकोने घडीच्या खुर्च्या, चहाचा थर्मास, उशी आणि विणकाम आणलं होतं. समोरच्या झाडाला ताईंनी नवी कोरी निळी फीत बांधली होती. बराच वेळ काही झालं नाही. एक मुंगी फूटपट्टीच्या पायमोज्यात शिरली; पण हललं तर आपल्यावरच संशय येईल म्हणून त्याने दात आवळून सहन केलं.

मग पानांत खुसफुस झाली. साळुंकीपेक्षा थोडा थोराड, काळा कुळकुळीत पक्षी फांदीवर उतरला. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि चोचीने गाठ सोडवायला घेतली. काय ती चिकाटी! ओढ, सोड, वळसा काढ, पुन्हा ओढ. फीत सुटली तशी ती शेपटासारखी मिरवत तो रानात आत उडाला.

"माफी मागा," फूटपट्टी कुजबुजला.

"नंतर," ताई म्हणाल्या आणि पळत सुटल्या.

त्यांच्यामागे फूटपट्टी. काट्यांतून रांगत, फांद्या चुकवत, पँट एके ठिकाणी चर्रकन फाटली तिकडे दुर्लक्ष करत तो एका मोकळ्या जागी पोचला आणि बघतच राहिला. जमिनीत उभ्या रोवलेल्या काड्यांच्या दोन भिंती आणि मधे छोटी गल्ली. पुढे अंगण, कुणी झाडून काढावं इतकं स्वच्छ. त्यात ताईंच्या सगळ्या फिती. शिवाय बाटल्यांची निळी झाकणं, एक निळा टूथब्रश, फूटपट्टीच्या हरवलेल्या पेनाचं टोपण, आणि निळ्या बिल्ल्याची ती किल्ली, जी हरवल्यामुळे साइट ऑफिसचा संडास बंद होता आणि अख्खा स्टाफ उठसूट पेट्रोल पंपाकडे धावत होता.

"हा इथून कधीच नाहीसा झाला असं सगळे धरून चालले होते," ताई हळू आवाजात म्हणाल्या. फूटपट्टीने त्यांचा हळू आवाज प्रथमच ऐकला. "हे घरटं नाही. मादीला भुलवायला नर असा मांडव घालतो. निळं म्हणजे त्याचा जीव की प्राण."

फूटपट्टीचं मात्र वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष होतं. "ताई, ओळ बघा. दोरी लावल्यासारखी! मोठी झाकणं मागे, लहान पुढे." मग त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. कडेची एक फीत तिरकी होती. त्याचा हात आपोआप पुढे गेला. ताईंनी चापटी मारून तो मागे सारला. तेवढ्यात पक्षी आला, त्याने मान वाकडी करून फितीकडे पाहिलं आणि चोचीने ती सरळ केली. लांब सरून पुन्हा पाहिलं. मग आणखी जराशी सरकवली.

"आता बरोबर!" फूटपट्टी पुटपुटला.

मग पक्ष्याने मान वर केली आणि त्याला फूटपट्टीच्या डोक्यावरचं निळं हेल्मेट दिसलं. जन्मात एवढं मोठं निळं त्याने पाहिलं नसावं. त्याने पंख फुलवले, शेपूट पसरली आणि करकर, खर्रखर्र असे आवाज काढत फूटपट्टीसमोर नाचायला सुरुवात केली.

"हलू नका!" ताईंनी घाईघाईने कॅमेरा काढला. "श्वास हळू घ्या. थोडं लाजल्यासारखं करा."

"पायमोज्यात मुंगी आहे!"

"असू दे."

तोवर बायको विणकाम काखोटीला मारून येऊन पोचली. गुडघ्यावर बसलेला, फाटक्या पँटीतला नवरा आणि त्याच्यापुढे जीव तोडून नाचणारा पक्षी पाहून ती तोंडात पदर कोंबून हसली. मग म्हणाली, "शिका जरा त्याच्याकडून. लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्यासाठी कधी साधी खोली झाडलीत?"

ताईंनी नकाशा काढून जागा तपासली. मांडव बरोबर मध्यरेषेवर होता. बोटभरही इकडे नाही की तिकडे नाही.

आठवड्याभरात मोठे साहेब स्वतः पाहणीला आले. पक्षी आपल्या मांडवातच होता, पण साहेबांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी फूटपट्टीला हेल्मेट घालून उभं करावं लागलं आणि नाच सुरू झाला.

"छानच आहे हो," साहेब म्हणाले. "पण याला उचलून दुसरीकडे ठेवता येणार नाही का?"

ताई तोंड उघडणार, तोच फूटपट्टी बोलला, "नाही साहेब. तो या झुडपांची फळं खातो, याच झाडांच्या काड्या वापरतो. झाडं गेली की तोही गेला. रेघ हलवता येईल." बोलून झाल्यावर त्याने चमकून मागे पाहिलं, हे कोण बोललं म्हणून. मग उसनं अवसान आणून पुढे म्हणाला, "पलीकडे जुनी दगडखाण आहे, तिथे गवतसुद्धा उगवत नाही. तिच्या बाजूने मोठं, सावकाश वळण घेतलं तर समोरचं लांबून दिसेल. रस्ता जरा लांबेल, इतकंच."

"तुम्ही? तुम्ही वळण काढणार?" साहेबांनी पाहणीच्या कागदावर सही करायला खिशाला हात घातला. खिसा रिकामा होता. वाकून नाच बघताना पडलेलं त्यांचं निळं पेन एव्हाना मांडवात, झाकणांच्या मागच्या ओळीत विसावलं होतं. ताईंनी ते घ्यायला सक्त मनाई केली. साहेबांनी बायकोकडून पेन्सिल घेतली आणि फूटपट्टीची पाठ टेबलासारखी वापरून सही केली.

नवं वळण काढताना फूटपट्टीने डझनभर कागद फाडले. ताई खांद्यावरून डोकावून "अजून थोडं बाहेर" म्हणायच्या आणि तो "तुम्हीच घ्या पेन्सिल!" म्हणून ओरडायचा. निळ्या फितींची माफी मात्र त्यांनी मागितली नाही. एकदा न विचारता त्याला चहा करून दिला, तीच माफी असं तो धरून चालला. खात्याने त्या भागात सगळ्यांना पिवळी हेल्मेटं दिली, म्हणजे नवरदेवाचं चित्त थाऱ्यावर राहील.

ताई परत जायच्या होत्या त्या सकाळी तिघं पुन्हा एकदा झुडपाआड बसले. एक साधीशी, मातकट रंगाची मादी अंगणाच्या कडेला उतरली. नर नाचायला लागला. मादीने फितींकडे पाहिलं, टूथब्रश चोचीने उलटवून पाहिला, किल्लीच्या बिल्ल्यावर टकटक केली आणि पाठ फिरवली.

"अगं, जाऊ नकोस!" फूटपट्टी पुटपुटला. "साहेबांचं पेन बघ ना. चांगलं आहे ते."

मादी थांबली. पेनापाशी गेली. क्षणभर विचार केल्यासारखी उभी राहिली आणि मग अंग चोरून काड्यांच्या भिंतींमधल्या गल्लीत शिरली.

फूटपट्टी "शाब्बास!" म्हणून उठायला गेला. बायकोने त्याचा शर्ट धरून त्याला खाली ओढलं आणि ताईंनी आपला मातीने माखलेला हात त्याच्या तोंडावर गच्च दाबून धरला. तसाच तो हातामागून हसत राहिला, खांदे गदागदा हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं, की तोंडावरचा हातही हसण्याने थरथरतोय.