तिसरा प्रश्न

मास्तरीणने स्वयंपाकघराचे दार ओढून घेतले, ते नीट बसत नाही म्हणून खाली कागदाची घडी सारली आणि रेकॉर्डर टेबलाच्या मधोमध ठेवला. शेगडीवर मंद आचेवर काहीतरी पातळ रटरटत होते, दात नसलेल्या माणसासाठी करतात तसले. समोर बसलेल्या बाईचे अर्धे लक्ष त्या पातेल्यात होते आणि उरलेले अर्धे भिंतीपलीकडे.

मास्तरीण हे काही तिचे खरे नाव नव्हते, आणि ती कुणाला शिकवतही नव्हती. विद्यापीठात आरोग्य आणि सामाजिक न्याय या विषयाच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रत्येक गोष्टीत नियमावर बोट ठेवते म्हणून वर्गाने हे नाव पाडले होते. घरात आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांचे स्वतःचे काय हाल होतात, हा तिचा प्रकल्प. त्याचे नियम दोनच. पहिला, सेवा करणाऱ्या माणसाशी एकट्याने बोलायचे, आणि तोवर दुसऱ्या कुणीतरी रुग्णापाशी बसायचे. दुसरा, एका खोलीतले बोलणे दुसऱ्या खोलीत न्यायचे नाही. हा दुसरा नियम पाळला जाईल ना, याची मास्तरीणला कायम धाकधूक असे. कारण रुग्णापाशी बसायला तिच्या वाट्याला आलेल्या मैत्रिणीला वर्गात रेडिओ म्हणत, आणि ते उगीच म्हणत नसत.

"तुमचा दिवस कसा जातो?" मास्तरीणने पहिला प्रश्न विचारला.

"दिवस सुरू कुठून झाला ते सांगता आलं पाहिजे ना," बाई म्हणाली. "आदला संपला तर."

ती पन्नाशीला टेकली होती. पूर्वी चष्म्याच्या दुकानात होती, लोकांना भिंगे बदलून बदलून अक्षरे वाचायला लावायची. सासू अर्धांगवायूने आडवी झाली आणि ती नोकरी सुटली. कुणी सोड म्हटले नव्हते. सगळ्यांनी नुसते तिच्याकडे पाहिले होते.

"मदत कुणाची होते?"

"यांची. हे दुसऱ्या गावी असतात नोकरीला, पण फोन रोज करतात. काळजी घे म्हणतात. कुणाची ते सांगत नाहीत." ती हसली, पण ते हसू ओठांच्या पुढे गेले नाही. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे कुठं छापणार नाही ना नावानिशी? यांनी एका शुश्रूषा केंद्रात आईंसाठी जागा बघून ठेवलीय. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. मी हो सांगणारे."

मास्तरीणने नुसती मान हलवली. चांगले किंवा वाईट असे काहीही म्हणायचे नाही, हे शिकवलेले होते.

"कामाला मी भीत नाही हो. धुणं, पुसणं, भरवणं, सगळं अंगवळणी पडलंय. पण रात्री त्यांचा तो चमचा वाजतो. पलंगाच्या दांडीवर. पाणी दे, कुशीवर वळव, पांघरूण घाल, पांघरूण काढ. आता तर वाजला नाही तरी वाजल्यासारखा वाटतो. एक रात्र, एकच, त्यांनी माझा विचार करून तो चमचा खाली ठेवला असता ना, तर मी जन्मभर केलं असतं. पण नाही. त्यांना माझं काही पडलेलंच नाही."

तिने कोपर टेबलावर टेकले आणि कपाळ तळहातावर. मास्तरीण कागदावर वाकून तिसरा प्रश्न वाचू लागली.

"तुम्हाला रात्री साधारण किती झोप मिळते?"

उत्तर आले नाही. मान वर केली तर बाई झोपली होती.

ती डुलकी नव्हती. कपाळ हातावरून घसरून टेबलावर आले, तोंड किंचित उघडले, आणि बघता बघता ती घोरायला लागली. चांगली खर्जात.

मास्तरीण रेकॉर्डरच्या लाल दिव्याकडे बघत राहिली. आज शनिवार. सोमवारी अहवाल द्यायचा होता. महिनाभर घरोघर फिरून तिच्या पायांचे तुकडे पडले होते आणि हाती काय आले, तर ज्याला विचारावे तो म्हणायचा, मी ठीक आहे. डोळ्यांखाली काळी वर्तुळे, आणि मी ठीक आहे. निम्म्यांनी तर दारच उघडले नव्हते. मार्गदर्शक मॅडमनी शेवटचे बजावले होते की एवढी एक मुलाखत भरली तरच अहवाल घेईन, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. पुढचे वर्ष हा शब्द मॅडम असा उच्चारत, जसे काही ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते.

खांद्याला हात लावला असता तर बाई जागी झाली असती. मास्तरीणने हात पुढे केलाही. मग तोच हात वळवून तिने शेगडी बंद केली, आणि रेकॉर्डरही.

दार जरासे ढकलून रेडिओने डोके आत घातले. झोपलेली बाई पाहून ती थबकली आणि खुणेने मास्तरीणला बाहेर बोलावले.

"आजींना लघवीला जायचंय," ती कुजबुजली. "मी भांडं देते म्हटलं तर मला हात लावू देत नाहीत. आणि ताईंना उठवते म्हटलं तर डोळे वटारतात. काय करू गं?"

दोघी पलीकडच्या खोलीत गेल्या. म्हातारी लोखंडी पलंगावर उशांना टेकून होती. अर्धे तोंड वाकडे झालेले, एक हात पांघरुणावर ठेवून दिल्यासारखा पडलेला. दुसऱ्या हातात चमचा.

"झोपली ना ती?" म्हातारीने विचारले. शब्द जड होते, पण कळत होते. "घोरतेय. ऐका."

तिघी ऐकू लागल्या. भिंतीतून आवाज स्पष्ट येत होता.

"लग्न होऊन आली तेव्हापासून घोरते. पोरगा तक्रार करायचा माझ्याकडं. मी म्हणायचे, कापूस घाल कानात." म्हातारीचा धड असलेला गाल हलला. "मी पडल्यापासून घोरलीच नव्हती. झोपू दे तिला."

"आजी, आम्ही दोघी आहोत ना," रेडिओ म्हणाली. "अलगद उचलू."

"मागं पुतणीनं अलगदच उचललं होतं. खाली आपटले. सुनेची ती पद्धत आहे, गुडघा लावून उचलायची, ती तिलाच जमते. आणि तुम्हा परक्या पोरींपुढं मला नाही जमायचं. धरते मी."

मग तिने धरले. रेडिओने विषय काढला, म्हातारीच्या लहानपणाचे विचारले, स्वतःच्या आत्याचे काहीबाही सांगितले, पण म्हातारीचे ध्यान त्यात नव्हते. तिने डोळे मिटून घेतले होते. चमच्यावरची बोटे पांढरी पडली होती. एकदा तो चमचा दांडीकडे गेला, अगदी टेकेपर्यंत गेला, आणि तिने तो पांघरुणाखाली ढकलून दिला. पलीकडून घोरणे चालूच होते. मास्तरीण उंबऱ्यात उभी होती आणि तिला कुठे बघावे ते कळत नव्हते.

थोड्या वेळाने म्हातारीने डोळे उघडले आणि तोंड भिंतीकडे फिरवले. खोलीत वास आला तेव्हा दोघींना समजले.

रेडिओ चादरीकडे वाकली.

"राहू दे," म्हातारी भिंतीकडे बघतच म्हणाली. "ती उठली की करील. आणि एक सांगते, तिला यातलं काही बोलायचं नाही."

"पण आजी..." मास्तरीण म्हणाली आणि गप्प झाली. पुढचे सगळे दुसऱ्या खोलीतले होते.

"ते केंद्राचं ना? माझे पाय गेलेत पोरी, कान नाही गेले. भिंत बघ केवढीशी आहे." म्हातारी दम घ्यायला थांबली. "हे कळलं तर तिला पाझर फुटायचा. ठेवून घेईल मला. आणि मग माझ्याआधी तीच जायची. त्यात पुन्हा झोप लागायची नाही तिला. म्हातारी धरून बसली असेल, असं वाटत राहील. नाही सांगायचं. माझं ऐकाल ना?"

रेडिओने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि ते लपवायचेही तिला सुचले नाही.

तेवढ्यात पलीकडे खुर्ची सरकली. "अगंबाई," असा आवाज आला, मग शेगडीपाशी दोन पावले, मग दार. बाई केस मागे सारत आली. गालावर टेबलाच्या कडेचा वळ उमटला होता. तिला वास आला, तिने पांघरूण उचलले, आणि तिचा चेहरा फिरला.

"आई, हाक मारायला काय झालं होतं? या दोन मुली इथं बसल्यात, तोंडात मिठाची गुळणी धरली होती का? रात्री तर तो चमचा हातातून सुटत नाही तुमच्या. आत्ता कुठं गेला?"

"कळलंच नाही गं," म्हातारी म्हणाली.

"कळलं नाही म्हणे. आता गादी कुठं वाळत घालू मी?"

बोलता बोलता तिचे हात चालू झाले होते. पाणी, टॉवेल, धुतलेली चादर. तिने एक गुडघा पलंगाच्या कडेला लावला, म्हातारीला छातीशी घेऊन वर उचलले, आणि म्हातारीने धड असलेला हात सवयीने तिच्या गळ्यात टाकला. ओली चादर निघाली, कोरडी बसली, आणि बाईच्या तोंडाचा पट्टा तेवढा वेळ थांबला नाही.

मास्तरीणच्या घशाशी वाक्य आले होते. एकच वाक्य पुरले असते. नियम पाळल्याची तिला आजवर कधी लाज वाटली नव्हती. आज वाटली.

हात धुऊन बाई स्वयंपाकघरात आली. मागोमाग दोघी आल्या.

"बघितलंत ना?" ती म्हणाली. "जीव गेला तरी माझा विचार मनात यायचा नाही. मी झोपलेय तर निदान तुम्हाला सांगायचं. तुमच्याशी काही बोलल्या का हो त्या?"

रेडिओने जमिनीकडे पाहिले.

"नाही," मास्तरीण म्हणाली. "विशेष काही नाही."

"वाटलंच मला." बाईने फ्रिजवरचा फोन घेतला, मग तिचे लक्ष टेबलावरच्या रेकॉर्डरकडे गेले आणि ती ओशाळली. "अरे देवा, तुमचं राहिलंच की. कशी झोपले मी, कुणास ठाऊक. बसा, बसा. तो चालू करा, पटापट सांगून टाकते सगळं. मग यांना फोन लावते."

रेडिओने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि खुर्ची ओढून दिली. मास्तरीण बसली नाही. तिने रेकॉर्डर उचलला, पिशवीत टाकला आणि पिशवीची चेन ओढली.

"आज नको, ताई. एका भेटीत एकच तास घ्यायचा, असा नियम आहे आमचा. तो संपला."

असा नियम कुठेच नव्हता. रेडिओ तिच्याकडे बघतच राहिली.

"मग?" बाईने विचारले.

"मंगळवारी येतो. याच वेळेला. ही आजींपाशी बसेल, मी इथं तुमच्यापाशी."

"आणि पुन्हा झोपले तर?"

"तर पुढच्या मंगळवारी येऊ. मुलाखत होईपर्यंत येत राहायचं असतं आम्हाला."

"अहवाल..." रेडिओ म्हणाली. मास्तरीणने तिच्या दंडाला धरून तिला दाराकडे वळवले.

बाई हातातल्या फोनकडे बघत उभी राहिली. दोघी चपला घालत होत्या तेव्हा तिने नंबर लावला.

"अहो, मी बोलतेय. त्या केंद्राचं... नाही, हो म्हणत नाहीये. अजून काही सांगू नका त्यांना. मंगळवारनंतर बघू... गेली जागा तर जाऊ दे, दुसरी होईल." पलीकडचे बराच वेळ काहीतरी बोलत होते. तिने भिंतीला पाठ टेकली. "भांडण कशाला होईल? काही झालं नाही. जरा झोप झालीय माझी, एवढंच."