पडद्यावरून गेलेला ओढा

नेकनूरच्या अलीकडचा ओढा कॉम्प्युटरच्या पडद्यावर नव्हताच. रस्तामोजणीच्या ऑफिसात वनमालाने दोनदा जाळं पुसलं, दोनदा नव्यानं बांधलं. जमिनीवर मोजलेले बिंदू तीन-तीन करून जोडायचे, त्या त्रिकोणांच्या जाळ्यावर नवा रस्ता ठेवायचा, की कुठं किती माती कापायची आणि कुठं किती भरायची ते कॉम्प्युटर सांगे. पण ओढ्याच्या जागी या काठापासून त्या काठापर्यंत एकच लांबलचक त्रिकोण ताणला गेला होता. भराव अगदीच कमी निघत होता.

"काय वनमालाबाई, ओढा बुजवला का कॉम्प्युटरनं?" रेवणसिद्ध साहेब हसले. "पुलाचा खर्च वाचला मग!"

तीही हसली, पण नजर पडद्यावरच होती. नांदूरघाटला माहेरी जाताना एसटी त्या ओढ्याजवळ किती खाली उतरते, हे तिला ठाऊक होतं. आणि मोजणीत यंत्रामागे साहेब असले, तरी यंत्रानं नेम धरायचा तो काचेच्या प्रिझमचा दांडा घेऊन शेताशेतातून हिंडणारा माणूस म्हणजे तिचे सासरे आश्रुबा. दांडा कुठं टेकवायचा, ते तेच ठरवत. आजवर त्यांनी एकही बांध सोडला नव्हता.

संध्याकाळी ताट वाढून ती चुलीजवळ बसली.

"मामा, त्या ओढ्यात उतरला होता का?"

आश्रुबा भाकरी कुस्करत राहिले. "काय हाय तिथं उतरायला?"

तिने त्यांच्या ताटात कालवण वाढलं. मग त्यांनीच विचारलं, "साहेबाला सांगितलंस?"

"नाही."

"कावून?"

तिने चुलीतलं लाकूड मागं ओढलं. आश्रुबांनी ताट बाजूला सारलं.

"गुडघा लई धरतो बाई. उतरलो असतो कसातरी, पर वर येताना बसून सरकावं लागलं असतं. साहेबानं बघितलं असतं, म्हंजे दुसऱ्या दिवसापासून घरी."

वनमालाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती हळूच म्हणाली, "तळाचे चार बिंदू मी अंदाजानं टाकते. कुणाला कळायचं नाही."

"न्हाई." त्यांचा आवाज एकदम चढला, मग लगेच खाली आला. "सगळी भावकी हसत असताना तुला कॉम्प्युटर शिकायला धाडलं, ते ह्याच्यासाठी न्हाई."

दुसऱ्या दिवशी आश्रुबा टोपी हातात घेऊन साहेबांसमोर उभे राहिले.

"साहेब, वड्यातले बिंदू मीच सोडले. पाय देईनात खाली. पोरीची काही चूक न्हाई."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. रागवावं की काय करावं, त्यांनाही समजेना. "अहो आश्रुबा, एक शब्द तरी बोलायचा! आता दांडा कोण धरणार?"

"मी धरते," वनमाला म्हणाली. बोलून गेल्यावर तिची तीच दचकली. "मामा काठावरून सांगतील, कुठं टेकवायचा ते."

"साडीवर? त्या काट्याकुट्यांत?"

"खुरपायला साडीवरच जात होते की, साहेब."

साहेब हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

दोन दिवसांनी तिघं ओढ्यावर गेले. साहेबांनी लांब टेकाडावर यंत्र लावलं. आश्रुबा काठावरच्या दगडावर पाय पसरून बसले आणि वनमाला दांडा घेऊन उतरू लागली.

"तिथं नको! आणखी खाली, उतार मोडतो तिथं. हां, टेकव!"

टेकाडावरून साहेब हात हलवत, की ती पुढं सरके. उतारावरचे बिंदू झाले. तळ राहिला. तळाला गुडघाभर पाणी होतं. वनमाला काठाशीच अडली. साडी वर खोचल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं आणि सासरे समोर बसलेले. तिने डोक्यावरचा पदर उगीच सारखा केला.

आश्रुबांच्या ते ध्यानात आलं. दोन्ही हात दगडावर रेटून, दुखरा गुडघा हातानं उचलून, ते कण्हत कण्हत बसल्या जागी वळले आणि ओढ्याकडं पाठ करून बसले.

"आता जा," तुरीच्या रानाकडं बघत ते ओरडले. "पाणी किती आलं?"

"पोटरीला, मामा!"

"पुढं हो. जपून, शेवाळ असतंय. आता?"

"गुडघ्याला!"

"अजून एक पाऊल टाक. वाढलं का?"

"नाही मामा, कमी व्हायला लागलं."

"मग एक पाऊल मागं ये. तोच तळ. दांडा सरळ धर बाई, हलू देऊ नको."

वनमालाने दांडा सरळ धरला.

"बिंदू घेतला!" टेकाडावरून साहेबांची हाक आली.

आश्रुबा तसेच तुरीकडं तोंड करून बसून होते. "वर आलीस की सांग," ते म्हणाले, "तवर मी वळत न्हाई."