चिमटा सोडण्याआधी

भूल देणाऱ्या मोठ्या बाईंना त्या दिवशी थिएटरात हात खिशात घालून बसायचं होतं, आणि आयुष्यात एवढं अवघड काम त्यांनी कधी केलं नव्हतं. महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. यकृत बदलण्याची त्यांची सगळी ऑपरेशनं आता त्यांच्या शिष्येकडे जायची होती. तिला सगळे ‘धाकटी’ म्हणत. आज पहिल्यांदाच रोग्याच्या उशाशी धाकटी उभी होती, आणि मोठ्या बाई भिंतीलगतच्या स्टुलावर.

रोगी सुतार होता. बेचाळीस वर्षांचा, हळदीसारखा पिवळा पडलेला. सकाळी आत नेताना तो धाकटीला म्हणाला होता, “बाई, दोन वर्षं अंगाच्या खाजेनं डोळ्याला डोळा लागला नाही. आज तेवढं पोटभर झोपवा बघा.”

“झोपवते की,” धाकटी म्हणाली, “पण मी हाक मारली की लगेच ‘ओ’ द्यायची.”

अकराच्या सुमाराला त्याचं जुनं, दगडासारखं झालेलं यकृत काढून झालं. कुणा अनोळखी बाईच्या घरच्यांनी दिलेलं नवं यकृत पुढच्या तासाभरात त्या जागी बसलं. बर्फातून आलेलं, फिकट, मातकट. शिरा जोडून झाल्या होत्या. आता चिमटे काढायचे, की सुताराचं रक्त त्यात शिरणार. याच घडीला भूल देणाऱ्याची कसोटी लागते. त्या गार यकृतातून जे काही वाहून येतं, ते आधी हृदयावर आदळतं. रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं असलं तर हृदय जागच्या जागी थांबू शकतं.

“सोडतो,” मोठे सर्जन म्हणाले. त्यांना विचारायची सवय नव्हती.

“नको सर,” धाकटी म्हणाली. “पोटॅशियम सहाच्या वर आहे. मला दहा मिनिटं द्या.”

या माणसाला ‘नको’ म्हणायची कुणाची छाती नव्हती.

“दहा मिनिटं? हे बर्फातून निघून किती वेळ झालाय, माहीत आहे ना?”

“माहीत आहे. तरी थांबा.”

सर्जननी रोग्याच्या छातीशी ताणलेल्या पडद्यावरून मान उंचावून भिंतीकडे पाहिलं. “मॅडम, तुमचं काय म्हणणं?”

मोठ्या बाईंच्या जिभेच्या टोकावर ‘सोडा’ आलं होतं. पंचवीस वर्षं त्या असंच करत आल्या होत्या. चिमटा सुटू द्यायचा, मग काय व्हायचं ते हातातल्या औषधांनी सावरायचं. पण त्यांनी शब्द गिळला.

“मी आज पाहुणी आहे. यजमानीणबाईंना विचारा.”

एक नर्स मास्कआड हसली. सर्जन मात्र हसले नाहीत. चिमट्यावरचा हात काढून ते उभे राहिले.

धाकटीनं कॅल्शियम दिलं, साखरेच्या पाण्याबरोबर इन्सुलिन सुरू केलं, पुन्हा रक्त तपासायला पाठवलं. एकही हालचाल फुकट नव्हती. पोळ्या लाटणाऱ्या बाईचे हात चालावेत तसे तिचे हात चालत होते. मोठ्या बाईंनी खिशात मुठी आवळल्या होत्या. पोटॅशियमचा आकडा आला, पाच.

“आता सोडा, सर.”

चिमटे निघाले. चौथ्या ठोक्याला प्रेशर धाडकन कोसळलं. मॉनिटरची टिकटिक रेंगाळली. मोठ्या बाई नकळत उभ्या राहिल्या. धाकटीनं वळूनही पाहिलं नाही. आधीच भरून ठेवलेल्या सिरिंजमधून तिनं थोडं औषध सोडलं, थांबली, आणखी थोडं सोडलं. “येईल, येईल,” ती पुटपुटली. टिकटिक सावरली. प्रेशर साठ, सत्तर, नव्वद.

आणि ते मातकट यकृत कडेकडेनं गुलाबी होत गेलं. पाहता पाहता सगळं तांबूस झालं, टवटवीत, जणू नुकतंच धुऊन ठेवलंय. तासाभरानं धमनीही जोडली गेली. पित्ताच्या नळीच्या तोंडाशी सोनेरी थेंब उभा राहिला, यकृत कामाला लागल्याची खूण, तेव्हा सर्जन पडद्यापलीकडे न बघताच म्हणाले, “थांबवलंत ते बरं केलंत.”

कपडे बदलायच्या खोलीत धाकटी बाकावर मटकन बसली.

“मॅडम, खरं सांगा. तुम्ही थांबला असता?”

“नसते थांबले.”

धाकटीचा चेहरा पडला. मोठ्या बाई तिच्या शेजारी टेकल्या.

“सोडा म्हणाले असते आणि मग धावत सुटले असते. एकदा धावूनही उपयोग झाला नव्हता, ते मी कधी विसरले नाही. तू धावायची वेळच येऊ दिली नाहीस. आणि त्यांच्यासमोर! मला ते पंचवीस वर्षांत जमलं नाही, पोरी.”

धाकटी डोळे पुसत हसली. मोठ्या बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुताराच्या घशातली नळी निघाली. बायको काचेपलीकडे तोंडाला पदर लावून उभी होती. घोगऱ्या आवाजात त्यानं आधी पाणी मागितलं, मग पलंगाचा एक पाय हलतोय अशी तक्रार केली.