खाली घातलेली मान

व्याही दारात चपला काढत होते आणि माझ्या यजमानांनी मान वर केली. उशीत खुपसलेलं तोंड उचललं, सदऱ्याची बटणं चाचपून लावली, खुर्चीत ताठ बसले. डोळ्यावरच्या पांढऱ्या झाकणावर खिडकीतलं ऊन पडलं होतं. मी हळूच म्हटलं, "अहो, मान."

"व्याही आलेत. त्यांना काय पाठ दाखवू?"

त्यांच्या डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता, ओल्या भिंतीचा कागद सुटतो तसा. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यातला चिकट रस काढला, पडदा जागी बसवला, फाटल्या कडेला लेझरचे डाग दिले आणि आत वायूचा बुडबुडा सोडला. बुडबुडा वर चढतो. तोंड जमिनीकडे असलं तरच तो मागचा पडदा दाबून धरतो. म्हणून आठवडाभर मान खाली. "म्हणजे इस्त्रीच की," हे तेव्हा हसून म्हणाले होते. दुसरा डोळा लहानपणी देवी आल्या तेव्हाच गेलेला. उरला होता तो एवढाच.

मान खाली घालायची यांना सवय नव्हती असं नाही. चिकपेटेच्या गल्लीतल्या शिवणाच्या दुकानात सारा जन्म मान खाली घालूनच गेला. मशीनच्या चाकाची घरघर, सुईखालून सरकणारं कापड, मानेच्या मणक्यावर सकाळचं कोवळं ऊन. गिऱ्हाईक समोर ताटकळलं तरी टीप संपेपर्यंत हे वर बघत नसत. तेव्हा लाज वाटली नाही. पण मुलीच्या सासऱ्यासमोर पालथं पडायचं, हे त्यांना सोसेना.

"अण्णा, पडूनच राहा. मी काय परका आहे?" व्याही म्हणाले.

"बसा हो. स्वल्प कॉफी घ्या."

ऊन भिंतीवरून उतरून फरशीवर विझेपर्यंत दोघं बोलत बसले. दुसऱ्या दिवशी विहीणबाई आल्या, मग त्यांचे भाऊ. एकासाठी उठून बसलं म्हणजे सगळ्यांसाठी बसावं लागतं. जिन्यात पावलं वाजली की हे उशीवरून उठत.

पुढे एका सकाळी यांच्या नजरेत खालून काळोख चढू लागला, घागरीत पाणी चढतं तसा. पुन्हा ऑपरेशन झालं. या वेळी वायूऐवजी तेल भरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडद्यावर वण धरून तो आवळला गेला, असं कधीकधी होतंच, मान वर केल्यानेच झालं असं सांगता येणार नाही. तेच त्यांनी पुन्हा समजावून सांगितलं. यांना पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. घरी येताना रिक्षात यांनी एवढंच सांगितलं, "कशानं झालं ते व्याह्यांना कळू देऊ नकोस."

आता उजेड कळतो, समोर हात हलला तर कळतो. सुई दिसत नाही. रस्त्यावरचं झाड गुलाबी फुलांनी भरलं की हे विचारतात, ऊन वाढलं का. मान कशीही ठेवा, आता हरकत नाही, असं दवाखान्यात सांगितलंय. तरी दारात व्याह्यांच्या चपला वाजल्या की यांची मान खाली जाते, आणि ते जिना उतरून जाईपर्यंत वर येत नाही. व्याही मलाच विचारतात, अण्णा रागावलेत का. मी कॉफी पुढे करते.

शिवण चुकली तर उसवता येते. ती दुपार उसवता येत नाही. घरात ती तशीच राहते, रोज ऊन त्या खुर्चीपाशी आलं की दिसते, आणि दिसते ती फक्त मला.

डोळा यांचा गेला. मी शेजारी बसले होते.