हाताला झेपेल ती बंदूक

"हातात धरून तर बघा," असं म्हणत बंदुकांचा दुकानदार व्हर्ननं काउंटरवरच्या हिरव्या कापडावर एक जाडजूड रिव्हॉल्व्हर ठेवलं, आणि लूर्देसनं ते दोन्ही हातांनी उचललं. उचलताच तिचं मनगट खाली गेलं आणि नळीचं तोंड व्हर्नच्या बुटांकडे वळलं.

"रिकामं आहे," व्हर्न शांतपणे म्हणाला. "तरी माझे पाय मला अजून हवेत." त्यानं एका बोटानं नळी बाजूला केली.

मागे उभी असलेली फेलिसा म्हणाली, "मानांग, तू याला घेऊन डोंगर चढणार, की हे तुला घेऊन?"

फेलिसा लूर्देसपेक्षा सात वर्षांनी लहान, म्हणून तिला थोरल्या बहिणीसारखं मानांग म्हणायची. लूर्देसनं तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

लूर्देस आग्बायानी अठ्ठावन्न वर्षांची होती. अलास्कातल्या कोडिअ‍ॅक बेटावरच्या माशांच्या कारखान्यात तिनं सत्तावीस वर्षं सुरी चालवली होती. आत खिडकी नव्हती. पंधरा मिनिटांची सुट्टी झाली की ती मागच्या दारात उभी राहून खाडीपलीकडचे डोंगर बघायची. तिथे पायी जाणं, तंबू ठोकणं हे गोऱ्यांचं खूळ, असं तिच्याबरोबरच्या सगळ्या फिलिपिनो बायका म्हणायच्या. नवरा आठ वर्षांपूर्वी कायमचा फिलिपाइन्सला, लवाग गावी परत गेला, तेव्हा तोही म्हणाला होता, "या बेटावर तुझं आहे काय?" मे महिन्यात कारखान्यानं तिला केक आणि एक जाकीट देऊन निरोप दिला. दुसऱ्याच दिवशी ती, अजून तिथेच काम करणाऱ्या फेलिसाच्या घरी जाऊन म्हणाली, "जूनमध्ये डोंगरातल्या तळ्यावर जायचं. दोन रात्री. मासळीचा हंगाम लागायच्या आत तू सुट्टी काढ."

आणि ज्याला ज्याला सांगितलं, त्या प्रत्येकानं एकच विचारलं होतं. बंदूक कोणती नेणार?

"हे चव्वेचाळीस मॅग्नम," व्हर्न सांगत होता. "आपल्या अस्वलांसाठी याहून लहान काही नेलंत, तर त्यांना राग तेवढा येतो."

"मारून बघता येईल?" लूर्देसनं विचारलं.

व्हर्ननं तिच्या तोंडाकडे पाहिलं, दुकानाच्या दारावरची पाटी उलटी केली आणि तीन बंदुका पेटीत भरल्या.

गावाबाहेरच्या मैदानावर त्यानं दहा पावलांवर कागदी ताटली टांगली. लूर्देसनं चव्वेचाळीसचा घोडा ओढला. आवाज छातीत घुसला, नळी आभाळाकडे गेली आणि गोळी मागच्या चिखलाच्या बांधात कुठेतरी गडप झाली. लूर्देस हसायलाच लागली. आपल्या हातून एवढा मोठा आवाज होऊ शकतो, हे तिला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या गोळीला मात्र अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ गेली. तिनं बंदूक खाली ठेवली.

"होते सवय," व्हर्न म्हणाला.

"सवय व्हायला माझ्याकडे आणखी सत्तावीस वर्षं नाहीत. दुसरी द्या."

दुसरं दहा मिलिमीटरचं पिस्तूल होतं. पंधरा गोळ्या बसत, वजनाला हलकं. पण गोळी चढवायला वरची पट्टी चिमटीत धरून मागे ओढावी लागे. लूर्देसनं ओढली, बोटं निसटली. पुन्हा ओढली, पुन्हा निसटली. तिसऱ्या वेळी तिनं दात आवळले आणि पट्टी जेमतेम अर्धी सरकली. फेलिसा थट्टा करायची थांबली. रोज सकाळी कॉफीचा कप धरताना तिचीही बोटं अशीच निसटत.

"हिवाळ्यात कारखान्यात हात बर्फात असायचे," लूर्देसनं व्हर्नला सांगितलं. तक्रार म्हणून नाही. त्याला मापाला उपयोगी पडेल म्हणून.

व्हर्ननं जरा नाखुशीनंच पेटीतलं तिसरं काढलं. तीनशे सत्तावन्नचं रिव्हॉल्व्हर, भरीव पोलादाचं, मुठीला रबर. "गोळी लहान आहे," तो म्हणाला. "पण अंगानं जड आहे, म्हणून धक्का कमी बसतो. ओढायला पट्टीबिट्टी काही नाही."

मूठ तिच्या तळव्यात अशी बसली, की तिनं एकदा खाली बघून घेतलं. मग तिनं सहा गोळ्या झाडल्या. चार ताटलीत गेल्या. तिनं पुन्हा भरलं, श्वास सोडला, आणि या वेळी पाच. झाडताना ती घाई करत नव्हती आणि थांबतही नव्हती. एका माशानंतर दुसरा मासा पुढ्यात घ्यावा, तशी.

व्हर्न ताटली सोडवून घेऊन आला. भोकांवर बोट फिरवत म्हणाला, "हातातून सुटणाऱ्या मोठ्या बंदुकीपेक्षा नेम लागणारी लहान बरी. हे मी गिऱ्हाइकांना सांगायचं सोडून दिलंय. कुणी ऐकत नाही."

"मी ऐकतेय की," लूर्देस म्हणाली.

मग तो मोकळेपणानं बोलू लागला. गोळ्या टणक शिशाच्याच घ्यायच्या. पसरणाऱ्या गोळ्या अस्वलाच्या चरबीत अडकतात. बंदूक कमरेला नको, पाठपिशवीचा पट्टा आड येतो, छातीवर बांधायची. आणि सगळ्यात शेवटी त्यानं तिखटाच्या फवाऱ्याचा डबा काढून फेलिसाच्या हातात दिला. "आधी हा. बंदूक त्यानंतर."

"मग बंदूक कशाला?" फेलिसानं विचारलं.

"वारा उलटा असला तर."

पुढचे पंधरा दिवस लूर्देस रोज मैदानावर गेली. घरी आल्यावर रिकामी बंदूक छातीवर बांधून फ्रीजसमोर उभी राहायची आणि ती उपसायचा सराव करायची. सिअ‍ॅटलच्या मुलीनं फोनवर विचारलं, "मम्मा, तू धापा का टाकतेयस?" लूर्देस म्हणाली, "फ्रीजवर नेम धरतेय." मुलगी म्हणाली, "फ्रीजनं तुझं काय बिघडवलंय?"

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या निघाल्या. सहा मैलांची वाट. पाठीवर तंबू, शिजवलेला भात, डब्यात अडोबो, म्हणजे सिरक्यात शिजवलेलं मांस. अस्वल दचकू नये म्हणून आवाज करत चालायचं असतं, तेव्हा फेलिसा कराओकेची सगळी गाणी एकामागून एक बेसूर म्हणत होती. लूर्देसचे गुडघे दुखत होते आणि तिला ते आवडत होतं.

पाचव्या मैलावर झुडपांतून वाट वळली, आणि समोर तीसेक पावलांवर अस्वलीण उभी होती. तिच्या मागे दोन पिल्लं.

फेलिसाचं गाणं थांबलं.

"पळू नकोस," लूर्देस म्हणाली. "हळू मागे सर. फवाऱ्याची खीळ काढ." बंदूक तिच्या हातात कधी आली, ते तिला कळलं नाही. अस्वलीण मागच्या पायांवर उभी राहिली, हवा हुंगून खाली टेकली. तिनं दात कडकडवले आणि ती धावत सुटली.

एवढं मोठं जनावर इतक्या वेगानं येतं, हे कुणी सांगून पटलं नसतं. फेलिसानं डबा दाबला. नारिंगी ढग उठला, वाऱ्यानं तिरका झाला. लूर्देसला हनुवटीखालची जागा दिसत होती, ताटलीएवढी. घोडा अर्धा ओढला गेला होता. आणखी एक पाऊल पडलं की झाडायची, असं तिनं ठरवलं.

ते पाऊल पडलं नाही. बारा पावलांवर, ढगाच्या कडेला अस्वलीण थबकली, पंजा जमिनीवर आपटून शिंकली, आणि वळून पिल्लांना घेऊन झुडपांत घुसली. फांद्या मोडण्याचा आवाज खाली ओढ्याकडे गेला.

मग वाऱ्यानं उरलेला ढग या दोघींवर आणून सोडला. त्या खोकल्या, रडल्या, आणि रडता रडता हसायला लागल्या. फेलिसानं डोळे पुसून पाहिलं, तर लूर्देस हसत होती, पण बंदूक तशीच रोखलेली.

"मानांग, गेली ती."

"माहितीये. बोटं उघडत नाहीयेत."

फेलिसानं नळी खाली, वाटेकडे वळवली. मग तिनं एकेक बोट सोडवलं, अगदी सावकाश, आणि तो हात आपल्या जाकिटाच्या आत, काखेत धरून ठेवला.

"परत जाऊ या," थोड्या वेळानं ती म्हणाली.

"तळं मैलभरच राहिलंय."

"मानांग, आत्ता आपण मेलो असतो."

"हो." लूर्देसनं नाक पुसलं. "पण आज मी परत गेले, तर पुन्हा यायची नाही. मी मला ओळखते. दारात उभी राहून बघत बसेन."

फेलिसानं तिच्याकडे पाहिलं. मग आपली पिशवी उचलली आणि दोन पावलं पुढे जाऊन आणखी बेसूर आवाजात गाणं सुरू केलं.

संध्याकाळी तंबू उभा राहिला. अन्न त्यांनी लांब, झाडावर उंच टांगून ठेवलं होतं. उन्हं अजून लख्ख होती. तेवढ्यात तळ्याच्या पार पलीकडच्या काठावर गवतात काहीतरी हललं. अस्वलीण चरत होती. तीच की दुसरी, एवढ्या लांबून सांगता येत नव्हतं. तिच्या आगेमागे पिल्लं लोळत होती.

दोघी दगडावर खांद्याला खांदा लावून बसल्या.

"भीती वाटतेय?" फेलिसानं हळूच विचारलं.

"वाटतेय ना," लूर्देस म्हणाली. "तू जरा सरक. मला दुसरं पिल्लू दिसत नाहीये."