आईची जागा

माझी बायको गोजरा वारल्यानंतर दुसऱ्याच महिन्यात श्यामसुंदर सर जुईनगरला आमच्या खोलीवर आले. ते माझ्या लेकीच्या, नंदाच्या शाळेचे मुख्याध्यापक. दारातच त्यांनी विचारलं, मुलीला शाळेत का पाठवत नाही? मी म्हणालो, मी पहाटे मसाला बाजारात हमालीला जातो, ती मागून दप्तर घेऊन निघते. ते म्हणाले, गेले कित्येक दिवस ती वर्गात नाही. मूल शाळेत न पाठवणाऱ्या बापावर खटला होतो, दंड होतो.

"तुमचं दुःख कळतं मला," ते म्हणाले, "पण सोमवारी पोरगी दिसली नाही तर मला वर कळवावं लागेल."

खटल्याची भीती वाटलीच. पण त्याहून मोठी भीती ही, की पोरगी रोज जाते कुठे?

सकाळी कामाला दांडी मारून लांबून तिच्या मागे गेलो. शाळा मागे टाकून ती थेट तुर्भ्याच्या दाणाबाजारात गेली. तिथे एका गाळ्यासमोर गोजरा धान्य पाखडायला बसायची. तिच्याच जागेवर, तिचंच सूप घेऊन नंदा बसली.

मला बघून बायजाबाई, तिथे पाखडणाऱ्या बायकांतली सगळ्यांत म्हातारी, म्हणाली, "आता आलास व्हय, वामन? पोरीला बसवलीस आन् एक दिस बघाया आला न्हाईस."

मी बसवली नाही म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. तिथे आईमागे लेक जागा धरते, म्हणून त्यांना वाटलं मीच पाठवली. रोज आपल्यातली भाकरी त्या तिला देत होत्या. मी त्यांना सरांचं सांगितलं.

नंदा मान खाली घालून पाखडतच होती. म्हणाली, "मी उठले तर दुसरी बाई बसंल. मग आईचं इथं काहीच राहणार नाही."

मला बोलता येईना. बायजाबाईने तिच्या हातातलं सूप घेतलं आणि जागेवर ठेवलं.

"हे बसंल हितं. कोन उठीवतंय बघते. तू साळंत जा. न्हाईतर तुझ्या बापाला कोर्टात उभा करतील, आन् त्याला तर धड बोलता बी येत न्हाई."

नंदा हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

सोमवारी मी तिला वर्गात सोडलं आणि सरांच्या पाया पडायला वाकलो. ते संकोचून मागे सरले. म्हणाले, अहो, मी तर तुम्हाला दम दिला होता.

"दिला नसता तर माझी पोरगी कुठं आहे ते मला कळलंच नसतं," मी म्हणालो.

तिथून दाणाबाजारात गेलो. बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. मधे एक जागा मोकळी होती, तिथे गोजराचं सूप ठेवलेलं होतं.