रुखवतातला फ्रिज

सोनलताईच्या रुखवतात माझं छोटं स्वयंपाकघर मांडायचं, हे मी ठरवूनच टाकलं होतं.

"संकेश्वरात तयार रुखवत भाड्यानं मिळतंय," कांताआत्या म्हणाली. "नीलम, तुझं खेळणं घरी ठेव."

"आधी बघ तरी. नाही आवडलं तर मी स्वतः उचलीन!"

मग काय, दहावीची सगळी सुट्टी त्यातच गेली. औषधाच्या खोक्याला चंदेरी कागद लावून फ्रिज केला. टिचबटणांची शेगडी. ड्रॉप्सच्या बाटलीचा मिक्सर. जुन्या फाईलच्या कव्हरची ओव्हनला काच! फ्रिजचं दार तर कापडी पट्टीच्या बिजागरीवर असं झकास फिरायचं, की येता-जाता मीच उघडझाप करायची. आत मैदा-फेविकॉलच्या भाज्या, एकदम घट्ट चिकटवलेल्या.

लग्नाच्या सकाळी निपाणीच्या हॉलमध्ये टेबल मांडलं. आत्यानं चष्मा चढवून फ्रिज उघडला आणि ओरडलीच.

"अगं, कांदे? बटाटे? जैनाच्या रुखवतात? सोनलची सासू लई कडक नियमाची हाय!"

"आपण खातो की घरात."

"घरात खाणं येगळं, पाव्हण्यांपुढं मांडणं येगळं. उचल ते. तूच बोललीस न्हवं?"

बोलले होते खरी. कांदा ओढला, तर त्याच्याबरोबर कप्पाच फाटायला लागला. बाहेर बँड सुरू झाला. रडू येत होतं, पण म्हटलं, रडायचं नंतर. आणि धावत ताईच्या खोलीत गेले.

"ताई, लाल नेलपॉलिश दे!"

"आत्ता? माझी तीन बोटं राहिल्यात!"

"बोटं राहू दे, तुझा संसार वाचवतेय!"

कांदे लाल केले. त्यांचे शेंडे कात्रीनं चिरून मुकुटासारखे फुलवले, झाली डाळिंबं. बटाट्यांना काडीचे देठ टोचले, झाले चिक्कू. आत्या नुसती "घाई कर गं, घाई कर" म्हणत दारात उभी.

तेवढ्यात ताईच्या सासूबाई आल्याच. सरळ टेबलाशी.

"अगंबाई, दार उघडतंय की!" त्या वाकल्या आणि त्यांनी बोटानं एक डाळिंब चाचपलं. बोट लालभडक! आत्यानं माझं मनगट इतकं दाबलं, की बांगडी रुतली.

"कुणी केलंय हे?"

"मी!" आवाज जरा मोठाच निघाला. पण मागे सरले नाही.

त्यांनी बोट बघितलं, मग मला बघितलं. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "चातुर्मास सरला, की असली डाळिंबं आमच्याकडंबी येत्यात." आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आमच्या नातीला एक फ्रिज करून दे गं पोरी!"

मी अजून तोंड उघडतेय, तोवर पाव्हण्यांची पोरं टेबलावर तुटून पडली. त्यांच्यापुढं हात आडवे पसरून कोण उभं? कांताआत्या!

"लांबनं बघायचं! वल्लं हाय अजून! आमच्या नीलमनं केलंय ते!"